देशाचा कारभार मोजायचा कसा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुठली ना कुठली जागतिक क्रमवारी जाहीर झाली, की मला तेच तेच प्रश्न येऊ लागतात. मी बरीच वर्षं घरोघरी जाऊन पाहणी करणाऱ्या पथकांबरोबर काम केलं आहे. अहवालात छापला जाणारा आकडा मला ठाऊक आहे आणि तो जिच्यावर बसून गोळा होतो ती ओसरीही. त्या अनुभवावरून ही उत्तरं लिहिली आहेत.

‘गव्हर्नन्स’ म्हणजे नेमकं काय? सरकार आणि गव्हर्नन्स एकच ना?

एकच नाही. सरकार म्हणजे सत्तेवर असलेली माणसं आणि त्यांची खाती. ती खाती चालतात कशी, हा झाला गव्हर्नन्स. सरकारी कागदांत त्याला ‘शासनव्यवहार’ म्हणतात, चांगला असला तर ‘सुशासन’. मला मात्र आपला ‘कारभार’ हा शब्दच सगळ्यात नेमका वाटतो. ‘चोख कारभार’ आणि ‘भोंगळ कारभार’ यांतला फरक कुणाला शिकवावा लागत नाही.

विकासाच्या चर्चेत हा शब्द रुळला तो १९८९ पासून. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेबद्दल जागतिक बँकेनं त्या वर्षी एक अहवाल काढला आणि तिथल्या अडचणींच्या मुळाशी कारभाराचं संकट आहे असं म्हटलं. बँकेच्या सनदेनुसार तिला सभासद देशांच्या राजकारणात हात घालता येत नाही. त्यामुळे ‘राजकारण’ हा शब्द न वापरता त्याच विषयावर बोलायला ‘गव्हर्नन्स’ सोयीचा पडला.

पण या एका शब्दात दोन गोष्टी बसल्या आहेत. एक म्हणजे राज्ययंत्रणेत ठरवलेलं काम तडीस नेण्याची ताकद आहे का. दुसरी, त्या यंत्रणेवर लोकांचा अंकुश आहे का. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ फ्रान्सिस फुकुयामा यांनी २०१३ मध्ये आग्रहानं मांडलं, की या दोन्ही वेगवेगळ्या मोजा, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळणार नाही. मला ते पटतं. मोजमापातला निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो.

हे मोजून कुणाला काय मिळतं?

आधी पैशाचं बोलू. जागतिक बँक गरीब देशांना सवलतीची कर्जं आणि अनुदानं वाटते, तेव्हा त्या वाटपात तिचं स्वतःचं मूल्यमापन धरते. त्यात १६ निकष असतात आणि १ ते ६ गुण. अमेरिकेनं २००४ मध्ये मिलेनियम चॅलेंज कॉर्पोरेशन नावाची मदतसंस्था काढली. तिच्याकडून मोठी मदत हवी असेल, तर भ्रष्टाचार-नियंत्रणाच्या गुणांत देश आपल्या उत्पन्नगटातल्या निम्म्या देशांच्या तरी वर असावा लागतो. बाकी सगळं जमलं आणि हे एक अडलं, तर दार बंद. म्हणजे दूर कुणीतरी काढलेल्या एका आकड्यावर कुठल्यातरी जिल्ह्यातला रस्ता होणार की नाही ते ठरू शकतं.

गुंतवणूकदार आणि पतमानांकन संस्थाही हे आकडे पाहतात. या मोजमापाची सगळ्यात जास्त गरज आहे त्या माणसाच्या, म्हणजे खिडकीसमोर रांगेत उभ्या असलेल्याच्या हातात मात्र ते क्वचितच पडतं. पुढची बहुतेक उत्तरं त्याच्याकडे बघून दिली आहेत.

जगभरच्या या याद्या काढतं कोण?

सगळ्यात जास्त वापर होतो तो जागतिक बँकेच्या जागतिक गव्हर्नन्स निर्देशकांचा. डॅनियल कॉफमन आणि आर्ट क्राय यांनी ते उभे केले. त्यांतली माहिती १९९६ पासूनची आहे आणि दोनशेहून जास्त देश-प्रदेशांची आहे. बाजू सहा: लोकांचा आवाज आणि उत्तरदायित्व, राजकीय स्थैर्य, सरकारची कार्यक्षमता, नियमनाची गुणवत्ता, कायद्याचं राज्य आणि भ्रष्टाचारावर नियंत्रण. बँक यासाठी स्वतः कुणाच्या दारात जात नाही. तिसाहून जास्त ठिकाणची तज्ज्ञांची मतं, उद्योगांच्या पाहण्या आणि लोकांच्या पाहण्या एकत्र करून संख्याशास्त्रानं एक गुण काढते. मूळ पद्धतीत तो साधारण उणे २.५ ते अधिक २.५ या पट्टीवर येतो.

दुसरी नावाजलेली यादी बर्लिनच्या ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनलची. सरकारी कामात भ्रष्टाचार किती आहे याबद्दलच्या जाणकारांच्या मतांवरून ती १९९५ पासून निघते आणि २०१२ पासून ० ते १०० गुण देते. जास्त गुण म्हणजे भ्रष्टाचार कमी. आफ्रिकेपुरता इब्राहिम निर्देशांक २००७ पासून आहे. सुदानमध्ये जन्मलेले उद्योजक मो इब्राहिम यांच्या प्रतिष्ठानानं तो सुरू केला.

‘भारत तीन क्रमांकांनी घसरला’ अशी बातमी आली की काय समजायचं?

फारसं काही नाही. ट्रान्स्परन्सीच्या यादीत २०२३ साली भारताला ३९ गुण होते आणि क्रमांक ९३. पुढच्या वर्षी गुण ३८ झाले आणि क्रमांक ९६. शंभरातला एक गुण इकडेतिकडे झाला, एवढंच घडलं. मधल्या पट्ट्यात देशांची इतकी दाटी असते की एका गुणात दोन-चार पायऱ्या सहज हलतात.

दुसरं असं, की खरा गुण छापलेल्या गुणाच्या थोडा खाली किंवा वर असू शकतो. किती, ही चुकीची मर्यादा (‘मार्जिन ऑफ एरर’) संस्था स्वतःच छापतात. जागतिक बँकेच्या निर्देशकांत शेजारशेजारच्या देशांच्या मर्यादा एकमेकींत इतक्या मिसळलेल्या असतात की कोण पुढे हे ठामपणे म्हणता येत नाही. बातमीच्या मथळ्यात ती मर्यादा कधीच येत नाही, म्हणून ती मुद्दाम शोधावी.

आणखी एक खाच आहे. या निर्देशकांच्या मूळ पद्धतीत दर वर्षी जगाची सरासरी शून्यावर आणून ठेवतात. सगळा वर्ग सुधारला तरी सरासरी शून्यच. त्यामुळे ‘जगाचा कारभार सुधारतोय का?’ या प्रश्नाचं उत्तर तिथे मिळतच नाही. आपण इतरांच्या मानाने कुठे आहोत, एवढंच कळतं.

तज्ज्ञांचं मत विचारण्यात चूक काय आहे? त्यांना तर सगळं माहीत असतं.

चूक नाही, पण मत आणि वस्तुस्थिती यांत अंतर किती असतं हे कुणीतरी खणून पाहायला हवं होतं. इंडोनेशियात ते खरोखरच खणून पाहिलं गेलं.

अर्थशास्त्रज्ञ बेन ओल्कन यांनी २००३-०४ च्या सुमारास जावा बेटावरच्या ६०८ गावांत हे काम केलं. गावोगावी सरकारी योजनेतून खडी-दगडाचे रस्ते होत होते. रस्ता पूर्ण झाल्यावर अभियंत्यांनी तो जागोजागी खणून आतले थर मोजले: दगड किती, खडी किती, वाळू किती. आजूबाजूच्या पुरवठादारांकडून मालाचे खरे भाव काढले. मजुरी किती दिली, हे मजुरांनाच विचारलं. रस्त्यावर खरंच किती खर्च झाला असेल, याचा हा हिशेब गावानं सादर केलेल्या हिशेबाशेजारी ठेवला. थोडा माल मातीत जिरतो, थोडा सांडतो, म्हणून चोख हिशेबाचे छोटे रस्ते स्वतः बांधून तेही मोजून घेतले. एवढं सगळं वजा करूनही सरासरी चोवीस टक्क्यांच्या आसपास खर्च रस्त्यात सापडला नाही.

मग त्याच गावकऱ्यांना विचारलं, रस्त्याच्या कामात खाबूगिरी झाली असं वाटतं का? त्यांचा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता, पण खऱ्या चोरीशी त्याचं नातं फार क्षीण निघालं. भाव वाढवून लावला तर लोकांच्या लगेच लक्षात येत होतं, कारण वाळूचा भाव गावात सगळ्यांना ठाऊक असतो. वीस गाड्यांच्या जागी बारा गाड्या टाकल्या, तर रस्ता दबल्यावर ते डोळ्यांना दिसत नाही. आणि जवळजवळ सगळी चोरी मापातच होती. चोरणाऱ्यांनाही लोकांना काय दिसतं ते पक्कं माहीत होतं. जिथे वेगवेगळ्या जमातींची वस्ती होती तिथे संशय जास्त होता, पण चोरी कमी होती.

गावात राहणाऱ्या माणसाची ही गत, तर राजधानीच्या हॉटेलात भेटलेल्या दोन उद्योजकांच्या मतावर सबंध देशाचा गुण ठरवताना किती सावध राहायला हवं, याचा विचार करावा. तज्ज्ञ एकमेकांचं वाचतात, मागच्या वर्षीची क्रमवारीही पाहतात. अर्थव्यवस्था तेजीत असली की कारभारही चांगला वाटू लागतो.

त्या पाहणीतली आणखी एक गोष्ट. काही गावांना आधीच सांगितलं होतं की तुमचं लेखापरीक्षण नक्की होणार. तिथे गायब होणारा खर्च सुमारे आठ टक्के-बिंदूंनी घटला, म्हणजे शंभरातले आणखी आठ रुपये रस्त्यात सापडले. गावकऱ्यांना सभांची जादा निमंत्रणं देऊन मात्र सरासरीत फारसा फरक पडला नाही. लोकसहभागावर माझा विश्वास आहे, म्हणून हा निष्कर्ष मला आजही टोचतो.

मग सरळ सामान्य लोकांनाच विचारलं तर?

विचारायलाच हवं. आफ्रिकेत १९९९ पासून ‘आफ्रोबॅरोमीटर’ हे काम करत आहे, आणि तिथल्याच संशोधकांच्या हातून करत आहे. पण प्रश्न कसा विचारता, यावर सगळं अवलंबून असतं.

आमच्या पथकातला एक अनुभव सांगते. मराठवाड्यातल्या एका गावात आम्ही विचारायचो, ‘दाखला काढताना लाच द्यावी लागली का?’ घरामागून घर उत्तर एकच: ‘नाही बाई, तसलं काही नाही.’ पाचव्या-सहाव्या घरी मी प्रश्न फिरवला. ‘आजी, या दाखल्याला सगळं मिळून किती खर्च आला?’ म्हातारीनं बोटांवर मोजायला सुरुवात केली. एसटीचं भाडं, झेरॉक्स, फोटो, प्रतिज्ञापत्राचा कागद, अर्ज लिहून देणाऱ्याचे पैसे, ‘आणि त्या आतल्या माणसाला चहापाण्याचे दोनशे’. तिनं काही लपवलं नव्हतं. तिच्या लेखी ती लाच नव्हतीच, कामाचा दर होता. त्या दिवसापासून आम्ही ‘लाच’ हा शब्द प्रश्नावलीतून काढला आणि खर्चाच्या ओळी घातल्या.

दुसरी अडचण अपेक्षांची. राज्यशास्त्रज्ञ गॅरी किंग आणि सहकाऱ्यांनी २००४ साली मेक्सिको आणि चीनमधली पाहणी मांडली. ‘सरकारच्या कामात तुमचं कितपत चालतं?’ असं विचारलं तर चीनमधले लोक मेक्सिकोतल्या लोकांपेक्षा आपलं जास्त चालतं असं सांगत होते. मेक्सिकोत नुकतीच अनेक दशकांची एकपक्षीय सत्ता मतपेटीतून गेली होती, तरीही. मग सगळ्यांना काही काल्पनिक माणसांच्या गोष्टी ऐकवल्या. अमक्याच्या वस्तीत पिण्याचं पाणी नाही, तो मुकाट सोसतो. तमक्याची वस्ती तशीच, पण ते सगळे मिळून नेत्याकडे दाद मागतात. ‘यांचं कितपत चालतं ते सांगा.’ चीनमधल्या चाळीस टक्क्यांहून जास्त लोकांनी त्या मुकाट सोसणाऱ्यापेक्षाही आपलं कमी चालतं असं दाखवलं. क्रम उलटा झाला. ‘ठीक आहे’ या दोन शब्दांची उंची प्रत्येक देशात वेगळी असते. जिथे वर्षानुवर्षं नळाला पाणीच आलं नाही, तिथला माणूस आठवड्यातून दोनदा आलं तरी समाधानी असतो. म्हणून समाधान विचारण्याआधी पाणी किती दिवसांनी येतं ते विचारावं.

मतं नकोत, नियमच मोजले तर? नियम तर कागदावर असतात.

हा मार्गही चोखाळून झाला. पेरूमध्ये अर्थतज्ज्ञ एर्नांदो दे सोतो यांच्या गटानं १९८३ मध्ये लिमा शहराच्या कडेला कपडे शिवण्याचा एक छोटा कारखाना रीतसर नोंदवायला घेतला. सगळे परवाने हातात यायला २८९ दिवस लागले. दहा वेळा पैसे मागितले गेले आणि दोनदा दिल्याशिवाय गत्यंतरच राहिलं नाही. हा प्रयोग मला फार आवडतो, कारण त्यात माणसं खरोखर खिडकीपुढे उभी राहिली.

त्याच कल्पनेवर पुढे जागतिक बँकेचा ‘डुइंग बिझनेस’ हा वार्षिक अहवाल उभा राहिला. पण तिथे खिडकी सुटली. वकील, हिशेबनीस अशा जाणकारांना विचारून, एका ठरावीक नमुन्याच्या कंपनीला नियमानुसार किती टप्पे आणि किती दिवस लागतील, हे मोजलं जाऊ लागलं. भारताची मोजणी दिल्ली आणि मुंबई या दोनच शहरांवरून होत होती. त्या अहवालांच्या क्रमवारीत भारत १४२ वरून ६३ वर आला. या दोन शहरांत काही टप्पे खरंच कमी झाले, ते नाकारायचं कारण नाही. पण परभणीतल्या पिठाच्या गिरणीवाल्याचं काय झालं, हे त्या आकड्यावरून सांगता येत नव्हतं. अनेक देशांतल्या कंपन्यांना प्रत्यक्ष लागलेले दिवस या नियमांच्या दिवसांशी ताडून पाहिले तेव्हा दिसलं, की एकाच देशात कुणाचं काम चार दिवसांत होतं आणि कुणाचं चार महिन्यांत. तिथे चालते ती ओळख, नियम मागे राहतो.

कायद्यांचंही तसंच. युगांडाच्या भ्रष्टाचारविरोधी कायद्यांना एका आंतरराष्ट्रीय संस्थेनं जवळपास पैकीच्या पैकी गुण दिले होते. अंमलबजावणीचे गुण काढले तेव्हा ते निम्म्यावर होते.

त्याच युगांडात शाळांच्या पैशांचं काहीतरी प्रकरण झालं होतं ना?

हो, आणि कारभार मोजण्याच्या इतिहासात त्याला मानाचं पान आहे. नव्वदच्या दशकात युगांडाचं सरकार प्राथमिक शाळांना दर विद्यार्थ्यामागे अनुदान देत होतं. खर्च वाढला, पण पटसंख्येच्या आकड्यांत काही हालेना. तेव्हा रिट्वा राइनिका आणि याकोब स्वेन्सन या अर्थतज्ज्ञांनी अडीचशे शाळांत जाऊन एवढंच पाहिलं, की राजधानीतून सुटलेले पैसे शाळेच्या वहीत जमा झाले का. १९९१ ते १९९५ या काळात सरासरी फक्त १३ टक्के पोचले होते. बहुतेक शाळांना एक शिलिंगही मिळाला नव्हता. उरलेला पैसा जिल्ह्याच्या पातळीवर मुरत होता.

यावर सरकारनं वर्तमानपत्रांत, स्थानिक भाषांतल्या आवृत्त्यांतही, दर महिन्याला कुठल्या जिल्ह्याला किती रक्कम पाठवली ते छापायला सुरुवात केली. शाळेच्या भिंतीवरही आकडा लावायचा होता. काही वर्षांनी पोचणारा वाटा ८० टक्क्यांच्या वर गेला. याचं सगळं श्रेय वर्तमानपत्रांना देणं बरोबर नाही. त्याच काळात शिक्षण मोफत झालं होतं, वित्त विभागाच्या शिस्तीतही बदल झाले होते, आणि या मुद्द्यावर नंतर बराच वाद झाला. पण पैसा कुठे अडतो हे कळायला तज्ज्ञांचं मत लागलं नाही. दोन वह्या शेजारी ठेवाव्या लागल्या.

असंच काम आपल्याकडे राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेनं केलं. डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावी पहिली जनसुनवाई झाली. रोजगाराच्या कामांची हजेरीपत्रकं भर सभेत मोठ्यानं वाचली गेली आणि ज्यांच्या नावापुढे मजुरी दिल्याचं लिहिलं होतं ती माणसं समोरच बसली होती. माहितीच्या अधिकाराच्या लढ्याला तिथून बळ मिळालं. महाराष्ट्रात त्याचा कायदा २००२ मध्येच आला, देशाचा २००५ मध्ये.

अचानक जाऊन पाहणं, हा सोपा उपाय नाही का?

सोपा आणि चांगला. २००३ मध्ये भारतभरच्या सरकारी प्राथमिक शाळांत न कळवता भेटी दिल्या तेव्हा २५ टक्के शिक्षक शाळेत नव्हते. जे होते त्यांतलेही सगळे वर्गावर शिकवत नव्हते. महाराष्ट्राचा आकडा १५ टक्क्यांच्या आसपास, सगळ्या राज्यांत कमी. झारखंडचा ४२ च्या आसपास. पगार बहुतेक ठिकाणी सारख्याच पद्धतीनं होत होते, तरी एवढा फरक. दिल्लीतून सगळा देश एकाच गुणात बसवला की हा फरक पुसला जातो, म्हणून मला देशांच्या सरासरीपेक्षा देशाच्या आतला फरक जास्त शिकवून जातो.

जगभर अशी अचानक भेट द्यायची तर? एका गटानं त्यासाठी टपाल वापरलं. १५९ देशांतल्या मोठ्या शहरांना, अस्तित्वातच नसलेल्या पत्त्यांवर, प्रत्येक देशाला दहा पत्रं पाठवली. पाठीमागे अमेरिकेतला परतीचा पत्ता. आंतरराष्ट्रीय टपाल करारानुसार अशी पत्रं परत पाठवणं बंधनकारक आहे. वर्षभरात एकूण ५९ टक्के पत्रं परत आली. २१ देशांतून दहाच्या दहा आली, त्यांत अल्जीरिया, उरुग्वे आणि बार्बाडोसही होते. १६ देशांतून एकही आलं नाही. इथे मताचा, भीतीचा, वशिल्याचा प्रश्नच नव्हता. कुठल्यातरी टपाल कचेरीत एका कर्मचाऱ्यानं ते पाकीट उचललं की नाही, एवढंच मोजलं गेलं.

मोजायला लागलं की लोक काम सुधारण्याऐवजी आकडाच सुधारतात, हे खरं का?

खरं आहे, आणि हे मोजणाऱ्यालाही लागू होतं. ‘डुइंग बिझनेस’च्या दोन वर्षांच्या अहवालांत चीन, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती आणि अझरबैजान यांच्या आकड्यांत गडबड आढळली. सप्टेंबर २०२१ मध्ये बँकेनं तो अहवालच बंद केला.

राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यात परिचारिकांच्या हजेरीसाठी वेळ-तारीख उमटवणारी यंत्रं बसवली होती. गैरहजेरीला पगारकपात ठरली. पहिले काही महिने हजेरी चांगलीच वाढली. मग हळूहळू ‘सूट दिलेले दिवस’ वाढत गेले: कुणाची बैठक, कुणाचं सर्वेक्षण, कुणाची मोहीम. ही सूट वरचे अधिकारीच देत होते. सोळा महिन्यांनी यंत्र असलेल्या आणि नसलेल्या केंद्रांत फरक उरला नाही. कागदावर गैरहजेरी कमी होती, कारण ती आता ‘सूट’ या रकान्यात गेली होती. आदिवासी पाड्यावरून बाळाला घेऊन चालत आलेल्या बाईला मात्र कुलूपच दिसत होतं.

म्हणून कुठल्याही आकड्याशेजारी मी एक प्रश्न लिहून ठेवते: यात कोण मोजलं गेलेलं नाही?

चांगले गुण म्हणजे लोकांचं भलं, असं धरता येईल?

नाही. बांगलादेश २००१ ते २००५ अशी सलग पाच वर्षं ट्रान्स्परन्सीच्या यादीत तळाला होता. त्याच देशानं १९९० ते २०१५ या काळात पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू दोन तृतीयांशांहून जास्त घटवले. त्याला ‘ब्रॅक’सारख्या स्वयंसेवी संस्थांचा हातभार होता. त्यांच्या कार्यकर्त्या बायकांनी घरोघरी जाऊन जुलाबावर मीठ-गुळाचं पाणी करायला शिकवलं होतं. सरकारचा गुण तळाला असताना लसीची पेटी गावात पोचत होती.

रवांडाचं उलट. भ्रष्टाचार-नियंत्रणात आणि कार्यक्षमतेत तो देश आफ्रिकेतल्या बहुतेकांच्या पुढे आहे. लोकांच्या आवाजाच्या बाबतीत फार मागे. २०२४ च्या निवडणुकीत अध्यक्ष पॉल कागामे यांना ९९ टक्क्यांहून जास्त मतं पडली. या दोन गुणांची बेरीज करून सरासरी काढली तर हाती एक मध्यम आकडा येतो आणि रवांडाबद्दलचं सगळं कळण्याजोगं हरवून जातं.

भारतात राज्यांचं असं मोजमाप होतं का?

होतं. केंद्राचा सुशासन निर्देशांक २५ डिसेंबर २०१९ ला पहिल्यांदा आला. त्यात मोठ्या राज्यांत तामिळनाडू पहिला आणि महाराष्ट्र दुसरा होता. दोन वर्षांनंतरच्या आवृत्तीत आपल्या गटात गुजरात, महाराष्ट्र आणि गोवा असा क्रम लागला. यांतली बरीच माहिती सरकारी खात्यांची स्वतःचीच असते, हे ध्यानात ठेवून ती वाचावी.

मागे पडलेल्या जिल्ह्यांसाठीचा केंद्राचा २०१८ पासूनचा आकांक्षित जिल्हा कार्यक्रम मला जास्त उपयोगी वाटतो, कारण तो जिल्ह्यावर उतरतो. आपल्याकडचे गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि तेव्हाचं उस्मानाबाद त्यात आहेत. राज्य दुसरं आलं याचा आनंद मानताना धडगावच्या डोंगरातली रुग्णवाहिका वेळेवर आली का, हे त्याच पानावर दिसायला हवं.

आमच्या तालुक्यात आम्ही स्वतः काही मोजू शकतो का?

नक्की. बंगळुरूत सॅम्युएल पॉल यांच्या पुढाकारानं १९९४ मध्ये नागरिकांचं प्रगतिपुस्तक निघालं. पालिका, वीज, पाणी, टेलिफोन अशा सेवांना नागरिकांनी गुण दिले. १९९९ मध्ये पुन्हा मोजलं, सुधारणा थोडीशीच होती. २००३ मध्ये ती चांगली दिसली. एकदा मोजून उपयोग नसतो, तेच प्रश्न घेऊन पुन्हा जावं लागतं.

महाराष्ट्रात हाताशी लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ आहे. कुठली सेवा किती दिवसांत, कोण देणार आणि अपील कुणाकडे, याचा फलक कार्यालयात लावणं बंधनकारक आहे. विनाकारण उशीर झाला तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. पण मुदतीचं घड्याळ सुरू होतं अर्जाची पोच मिळाल्यावर. मी पाहिलेल्या एका कार्यालयात लोकांना पोच मिळायच्या आधीच परत पाठवत. एक कागद कमी आहे, साहेब बैठकीला गेलेत, सर्व्हर बंद आहे, सोमवारी या. तिथला ‘मुदतीत निकाली’चा तक्ता सुरेख होता. परत गेलेला माणूस त्या तक्त्यात कुठेच नव्हता.

म्हणून हेलपाटे मोजा. एक साधी वही घ्या. रकाने एवढेच: तारीख, कुठलं काम, कुठलं टेबल, काय सांगितलं, पोच दिली का, पुन्हा कधी बोलावलं, त्या दिवशी किती खर्च आला आणि किती मजुरी बुडाली. बाहेर पडणाऱ्या माणसाला दारातच विचारा. घरी जाऊन विचाराल तर तीन खेपांतल्या दोन तो विसरलेला असतो. आठवड्यातला बाजाराचा दिवस आणि एक साधा दिवस, असे दोन्ही धरा. कर्मचाऱ्यांची नावं लिहू नका. लिहिलीत तर वही भांडणाची होते आणि कुणी बोलत नाही. महिन्याच्या शेवटी ती कार्यालयप्रमुखांना आधी दाखवा. कित्येकदा त्यांनाही ठाऊक नसतं की एकच टेबल सगळ्यांना फिरवतं आहे, किंवा तीन माणसांचं काम एकटा करतो आहे.

‘पुरावा काय?’ असं हटकून विचारतात. त्याचं उत्तर मला एका बाईंनी दिलं. नवरा गेल्यावर सातबाऱ्यावर वारसनोंद करायला त्या तालुक्याला खेपा घालत होत्या. किती वेळा आलात, असं विचारल्यावर त्यांनी कमरेची पिशवी सोडली आणि एसटीच्या अर्ध्या तिकिटांची घडी माझ्या हातावर ठेवली. सात जाण्याची, सात येण्याची. प्रत्येकावर तारीख होती. आम्ही ती क्रमानं एका कोऱ्या कागदावर चिकटवली, खाली त्यांनी सही केली आणि तो कागद त्यांच्या अर्जाला टाचला. त्या दिवशी त्यांना पोच मिळाली.